डाव्या हाताचा उजवा दावा

मुक्काम सोलापूर, शुक्रवार पेठ,
निंगव्वाच्या माडीवरची खोली,
ता. २० फेब्रुवारी १९३४

तीर्थस्वरूप तात्याबामामा यांचे चरणी भाचा श्रीमंत याचा साडेसातांग नमस्कार. (साष्टांगाला आठ अंगे लागतात. माझा डावा हात कोपरापासून पुढे जमिनीला टेकत नाही, म्हणून अर्धे अंग वजा केले आहे. साडेसातीशी त्याचा संबंध लावायचा की नाही ते आपण ठरवावे. आपल्याला पत्रिकेतले कळते.) विनंती विशेष. इकडे मी जिवंत आहे, आणि त्याला क्षेम म्हणायचे असेल तर क्षेम आहे. सौ. सोजरमामींचा गुडघा कसा आहे? यंदा मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी माणूस बुडेल इतकी आली असे ऐकतो. हुरड्याला मला बोलावणे आले नाही, हे मी मनात ठेवलेले नाही. पत्रात ठेवले आहे.

कळवण्यास दुःख होते की, गेल्या सोमवारी माझा दुसरा दावाही गेला. पहिला गेला तेव्हा आपण कार्डावर लिहिले होते की, होते ते बऱ्यासाठी. आता तेच वाक्य पुन्हा लिहिण्याचे कष्ट घेऊ नयेत. जुने कार्ड मी जपून ठेवले आहे, त्यावरच भागवतो.

सर्व हकीकत आपणांस ठाऊक आहे, तरीही पहिल्यापासून सांगतो, कारण मागच्या खेपेस मी सांगत होतो तेव्हा आपण पान लावीत होता आणि मध्येच "मग बैल कुठं गेला?" असे विचारलेत. या हकीकतीत बैल नाही. असलाच तर मी आहे.

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीनंतर आपण मला माढ्याला आप्पांच्या घरी मुलगी दाखवायला नेलेत. आप्पांना अक्षर ओळखू येत नाही हे मला तिथे कळले, कारण त्यांच्या धाकट्या भावाचे बांधाच्या भांडणाचे पत्र त्याच वेळी आले आणि आप्पांनी ते त्या मुलीच्याच, विजयमालेच्या, हातात दिले. ती मराठी सहावी झालेली आहे. घरातले सगळे कागद तीच वाचते. ती माझ्या बाजूलाच उभी राहून वाचत होती आणि मला पत्र स्पष्ट दिसत होते. (पाहुण्याने दुसऱ्याचे पत्र वाचू नये हे मला कळते. मी पत्र वाचत नव्हतो, ते धरणारी बोटे पाहत होतो; अक्षरे मध्ये आली.) भावाने चौथ्या ओळीत आप्पांना एक शिवी दिली होती आणि पाचव्या ओळीत त्यांच्या वडिलांना दुसरी. विजयमाला तिसऱ्या ओळीवरून न अडखळता सहाव्या ओळीवर गेली. आप्पा म्हणाले, "बरं लिवलंय की. मऊ आलाय गडी." आणि त्या दोन न वाचलेल्या ओळींच्या खड्ड्यात मी जो पडलो तो अजून वर आलेलो नाही.

मग मी पुण्याला कॉलेजात परत गेलो. आपले पत्र आले की, आप्पांचे मोहोळच्या एका स्थळाशीही बोलणे चालू आहे. ते पत्र मला तर्कशास्त्राच्या तासाला मिळाले. प्रोफेसर सांगत होते की, कारणावाचून कार्य घडत नाही. मी उठलो, पुस्तक बाकावर टाकले आणि स्टेशनवर गेलो. लोक म्हणतात मी इंटरला नापास होईन म्हणून पळालो. त्या लोकांनी तर्कशास्त्र शिकावे. मी माढ्याला उतरलो आणि तेथे सायकलवरून पडून माझा डावा हात कोपरात मोडला. आपणांस मी तेव्हा असेच कळवले होते. तेच धरून चालावे. (सायकल कोणाची, असे मामींनी त्या वेळी विचारले होते. पुढे कोर्टानेही तेच विचारले. मामी सबजज्ज व्हायच्या.)

माढ्याच्या एका म्हाताऱ्याने हाताला बिब्बा आणि चिंध्या बांधल्या, आणि दोन दिवसांनी मी सोलापूरच्या डॉक्टरकडे आलो. डॉक्टरचे नाव लिहीत नाही. लिहायला गेले की टाक कागदात घुसतो. त्याने क्लोरोफॉर्म हुंगवला आणि आकडे म्हणायला लावले. मी सतरापर्यंत म्हटल्याचे मला आठवते. सहा आठवड्यांनी फळ्या सोडल्या तेव्हा आतून हाताऐवजी विळा निघाला. मी विचारले, हा सरळ कधी होणार? डॉक्टर म्हणाला, "वापरा, म्हणजे होईल." दोन वर्षे वापरतो आहे. काल अंघोळीला बसलो होतो, पाठीला हात पोचेना. शेवटी भिंतीला पाठ घासली, म्हशीसारखी.

त्यानंतर आप्पांकडे आपण शब्द टाकायला गेलात, मीही होतो. आप्पांनी माझ्या हाताकडे पाहिले आणि जे बोलले ते आपल्या कानांवर पडले असेल, कारण तेव्हा चुना संपला होता आणि आपले तोंड रिकामे होते. "तात्याबा, आमी हाड बगून सोयरीक करतो. ह्यात खोट हाय." आपल्या लोकांत हाड म्हणजे कूळ. सात पिढ्या मागे जाऊन हाड पाहतात, कोणाची पणजी कोणाकडून आली ते काढतात. आणि इथे ह्या गृहस्थाला डॉक्टरने वाकडे जोडलेले हाड दिसले आणि त्याने ते माझ्या पणजोबापर्यंत नेऊन पोचवले! मी म्हणालो, "आप्पा, हे हाड डॉक्टरनं बिघडवलंय, घराण्यानं नव्हे." आप्पा म्हणाले, "कागद हाय का तसा?"

मामा, कागदापायी हे सारे झाले. मला नुकसानभरपाई नको होती. मला एक सरकारी शिक्क्याचा कागद हवा होता की, या मुलाचे हाड चांगले होते, ते अमुक डॉक्टरने अमुक दिवशी वाकडे केले. म्हणून मी दावा लावला.

आता दुःखाचा भाग आला आणि त्यात आपण आहात. फिर्याद मी स्वतः लिहिली. मल्लप्पा वकील म्हणाले होते की, आमचा कारकून लिहील. मी म्हणालो, ज्याचा हात मोडला तोच लिहील. (उजवा शाबूत होता.) मी लिहायला बसलो तोच आपले कार्ड आले. त्यात आपण कांद्याच्या रोपाविषयी चार ओळी, मामींच्या गुडघ्याविषयी दोन ओळी लिहून मग शेवटी, जागा उरली म्हणून लिहावे तसे, लिहिले होते: "आप्पा पोरीला मोहोळात उजवणार म्हणतात." उजवणार! लग्न करून देणार असे लिहिता आले असते. देणार, करणार, काढून लावणार, शब्द काय थोडे आहेत? पण नाही. उजवणार. तो शब्द माझ्या डोक्यात शिरला आणि टाकातून खाली उतरला. फिर्यादीत सात ठिकाणी हाताचा उल्लेख होता आणि सातही ठिकाणी, मोत्याच्या दाण्यांसारख्या अक्षरात, मी लिहिले: वादीचा उजवा हात.

वाचून पाहिले नाहीस का, असे आपण म्हणाल. वाचले. सहा वेळा वाचले. प्रत्येक वेळी त्या शब्दाशी आलो की मला मोहोळचा मांडव दिसे, हात दिसतच नसे.

मोहोळकरांच्या घरात त्याच महिन्यात कर्ता माणूस वारला आणि त्यांचे कार्य वर्षापुढे गेले, हे माझे नशीब. (कोणी मेल्याचे वाईट वाटून घ्यावे एवढे शिक्षण माझे झाले आहे, पण मी कॉलेज मध्येच सोडले आहे.) दावा उभा राहिला. सबजज्जसाहेबांनी सांगितले, हात दाखवा. मी बाही सारून डावा हात पुढे केला. डॉक्टरचा वकील उठला आणि म्हणाला, "हा नव्हे. फिर्यादीतला दाखवावा." कोर्टात हशा पिकला. तो का पिकला हे मला कळले नाही. मला वाटले माझ्या वाकड्या हाताला हसले. साहेब चांगले होते. त्यांनी फिर्याद चाळली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले की, लिहिण्यात चूक दिसते, वादीला दुरुस्ती करून घ्यायची असेल तर आम्ही परवानगी देऊ. मल्लप्पा वकील माझा सदरा ओढून कुजबुजले, "श्रीमंता, खाली बस की. साहेब द्यायलेत, घे की!"

मामा, चूक हा शब्द ऐकला की माझे काय होते ते आपणांस माहीत आहे. चौथीत मास्तरांनी माझ्या गणिताला चूक म्हटले तेव्हा मी पाटी फोडली होती. मी ताठ उभा राहिलो आणि गरजलो की, मी लिहिले त्यातले अक्षर न् अक्षर खरे आहे आणि त्यातली काना-मात्रासुद्धा मी बदलणार नाही! साहेब म्हणाले, "पुन्हा एकदा विचार करा." मी म्हणालो, केला. मग वकिलांनी कपाळाला हात लावला. (त्यांचाही उजवा.)

त्यापुढे खटला कसला? डॉक्टरने शपथेवर सांगितले की, वादीच्या उजव्या हाताला मी बोटही लावले नाही. ते खरे होते. मला उजवा हात वर, खाली, मागे, पुढे करायला लावला. तो इतका उत्तम चालला की शेवटी साहेबांनी "पुरे" म्हटले. निकाल चार परिच्छेदांचा आहे. पहिल्यात कोण कोणाचा कोण ते आहे. दुसऱ्यात लिहिले आहे: "वादीच्या हातात कोणताही दोष नसून प्रतिवादीच्या उपचाराने त्यास काही इजा झालेली नाही, असे आम्ही ठरवतो." चौथ्यात दावा रद्द. (तिसऱ्यात विशेष काही नाही.)

अपिलाला तीस दिवसांची मुदत होती. ते तीस दिवस मी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी बसून दाढी वाढवण्यात घालवले. एकतिसाव्या दिवशी मल्लप्पा वकील तेथून चालले होते. मला पाहून म्हणाले, "अपील?" मी म्हणालो, कसले? ते तसेच पुढे गेले.

मग मी दुसरा दावा लावला. या वेळी प्रत्येक ठिकाणी "डावा" असे लिहून खाली रेघ ओढली. साहेब बदलले होते. नव्या साहेबांनी माझा हात हातात घेऊन पाहिला, अगदी सोनार पाटली पाहतो तसा, आणि हळूच म्हणाले, "हात वाकडा आहे, हे मला दिसतं. पण मला दिसून उपयोग नाही. पहिल्या कोर्टाला दिसायला हवं होतं." डॉक्टरचा वकील दिवाणी कायद्याचे कलम अकरा घेऊन उभा राहिला. त्याला रेस ज्युडिकाटा म्हणतात. (लॅटिन आहे. मरून गेलेल्या भाषेत जिवंत माणसाला मारतात.) त्याचा अर्थ असा की, त्याच दोघांत तोच वाद एकदा ठरला की पुन्हा काढायचा नाही. मी ओरडलो, हात निराळा आहे! साहेब म्हणाले, पडणे तेच, डॉक्टर तोच, फळ्या त्याच. हात कोणता, हे तुम्ही पहिल्याच वेळी सांगायला हवे होते. जे सांगता आले असते आणि सांगायला हवे होते, ते सांगितलेच होते आणि नामंजूर झाले, असे कायदा धरतो. परत येताना मल्लप्पा वकील म्हणाले, "एकदा दळलेलं पीठ पुन्हा जात्यात घातलं म्हणून भाकरी वाढत न्हाई, श्रीमंता. आता माझ्याकडंच लिहायला बस. अक्षर चांगलं हाय तुझं."

म्हणून मी हल्ली त्यांच्या कचेरीत बसून लोकांच्या फिर्यादी लिहितो. कोणीही आले की मी आधी विचारतो, "डावा की उजवा?" परवा एक बाई नांदणुकीचा दावा लावायला आली होती. तिलाही विचारले. ती म्हणाली, "कोण, नवरा?"

इकडे माझी अवस्था अशी की कायद्याने माझा हात सरळ आहे आणि सदऱ्याच्या बाहीत तो शिरत नाही. रोज सकाळी निंगव्वा खालून वर येते आणि बाही ओढून देते. परवा बाही ओढता ओढता म्हणाली, "अय्यो तम्मा, डाक्टरनं हात वाकडा केला, कोर्टानं सरळ केला. मग सदऱ्याला का कळंना?" मी तिच्यावर ओरडलो. तिने अर्धी घातलेली बाही तशीच सोडली आणि खाली गेली. त्या दिवशी कचेरीत मी एक बाही लोंबती ठेवूनच गेलो. अशिलांना वाटले हात नवीनच तुटला.

पण मामा, मला झोप येत नाही ती हातामुळे नव्हे. नव्या साहेबांचे ते वाक्य, सांगायला हवे होते ते सांगितलेच असे धरतात, ते मला सोडत नाही. विजयमालेला मी आजवर एकही शब्द बोललेलो नाही. बोलायला हवे होते. बोलता आले असते. मग कायद्याने पाहता मी तिला सर्व काही बोलून चुकलो आहे आणि तिने ते नामंजूर केले आहे, असाच अर्थ होतो ना? न मागितलेली मागणी फेटाळली गेली आणि तीही पुन्हा मागता येत नाही! असा कायदा ज्याने केला त्याने आयुष्यात कोणावर जीव टाकलेला नसावा. किंवा टाकला असावा आणि वेळेवर बोलला नसावा.

तरी आता मी सारे सोडले आहे. विजयमाला मोहोळला जावो की माढ्यात राहो, मला त्याचे काही नाही. मोहोळकरांचे वर्ष सरले, पाडव्याच्या आत सुपारी फुटणार असे ऐकतो, फुटू दे. मी अशिलांच्या फिर्यादी लिहीन, निंगव्वाच्या भाकऱ्या खाईन आणि म्हातारा होईन. आपणही माझी काळजी करू नये. (करीत नाहीच, ते चांगले.) मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि कडब्याची गंज नीट रचावी, मागच्या वर्षी कलली होती. या पत्राला उत्तर पाठवण्याची तसदी नको.

आपला, कायद्याने दोन्ही हात धड असलेला भाचा,
श्रीमंत

ता. क. सोबत पहिल्या निकालाची सही-शिक्क्याची नक्कल जोडली आहे. ती घेऊन आपण पाडव्याच्या आत, जमल्यास याच बाजारच्या दिवशी, माढ्याला आप्पांकडे जावे. त्यांना कागद हवा होता ना? हा घ्या म्हणावे कागद. सरकारने ठरवले आहे की, श्रीमंताच्या हातात कोणताही दोष नाही. दुसरा परिच्छेद. आणि एकदा ठरलेला मुद्दा पुन्हा काढायचा नसतो, हेही सांगावे. आप्पांनी नाही, मोहोळकरांनी नाही, कोणीच नाही. नवे साहेबसुद्धा डोळ्यांनी पाहून काढू शकले नाहीत. (मल्लप्पा वकील म्हणतात की, तो निकाल मला आणि डॉक्टरला तेवढा बांधतो, आप्पांना बांधत नाही. हे आप्पांना सांगण्याचे कारण नाही.) इतके दिवस मी ज्या निकालावर थुंकलो तोच आता डोक्यावर घेतो आहे, हे मला कळते. हसू नये.

ता. क. दुसरा. तिसऱ्या परिच्छेदात विशेष काही नाही असे वर लिहिले आहे, ते वाचून सोडू नये. सतरा आकड्यांनंतर मी क्लोरोफॉर्ममध्ये बोलत राहिलो होतो आणि डॉक्टरने ते सगळे साक्षीत सांगितले. साहेबांनी त्यातले एक नाव सभ्यपणाने गाळले, पण बाकी लिहिले की, सायकलची हकीकत खोटी असून वादी माढे येथील आप्पांच्या परसाच्या भिंतीवर चढला असता तेथून पडला. आप्पांचे नाव, आडनाव, आळी, सगळे आहे. दुसरा परिच्छेद खरा म्हणायचा तर तिसराही खरा म्हणावा लागतो. निकाल अर्धा घेता येत नाही. पानही काढता येत नाही, नकलेला दोरा ओवून लाख लावली आहे. (काढून पाहिले. लाख तडकली. ती नीट दिसेल अशी धरू नये.) तिसऱ्याच्या शेवटी साहेबांनी लिहिले आहे: "भिंतीच्या आतील बाजूस त्या वेळी कोणी होते किंवा कसे, याचा पुराव्यात उलगडा होत नाही." मामा, होते. वाळत घातलेल्या कुरडया उलटीत होती. मी बोलण्यासाठी तोंड उघडले, तेवढ्यात तिने वर पाहिले आणि म्हणाली, "पडाल!" आमचे आजवरचे बोलणे एवढेच. मी पडलो.

ता. क. तिसरा आणि खरा. नक्कल आपण वाचू नये. आपण जोडाक्षराला थांबता आणि आप्पांना संशय येईल. तलाठ्याला वाचू देऊ नये. ती विजयमालेच्या हातात द्यावी आणि म्हणावे, पोरी, आप्पांना मोठ्याने वाचून दाखव. मग पान न लावता, चुन्याची डबी खिशात ठेवून, नीट कान देऊन ऐकावे. पहिला वाचेल. दुसरा वाचेल. तिथून ती चौथ्यावर गेली, तर मला तार करावी, एकच शब्द, "गाळला." तिसराही वाचला, तर साधे कार्ड टाकावे. आधी कांद्याचे लिहावे, मग मामींच्या गुडघ्याचे, आणि जागा उरली तर ते. मला घाई नाही.